अंडी बंद झालेली कोंबडी विकण्यापूर्वी

मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत आणि खेड्यापाड्यांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी पाच-दहा कोंबड्या असतात. त्यांची देखभाल घरातील स्त्रिया करतात आणि अंड्यांचा पैसाही बहुधा त्यांच्याच हाती राहतो. धंद्याच्या पानावर कोंबडीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आम्ही कापडाच्या धंद्यात उधारी वसूल करता करता म्हातारे होत आलो. ज्या मिळकतीला भांडवल थोडे आणि उधारी मुळीच नाही, तिला आम्ही हलकी समजत नाही.

या मिळकतीत मोठा तोटा होतो तो एकाच ठिकाणी. कोंबडी अंडी देईनाशी झाली की लोक घाबरतात. दारावर येणारा गिऱ्हाईक तिला 'बंद पडलेली' म्हणून कमी भावात उचलतो. दोन-तीन महिन्यांनी तीच कोंबडी पुन्हा अंड्यावर आली असती, आणि आता घरवाल्याला चढ्या भावाने नवी तलंग घ्यावी लागते. माग थांबला म्हणून आपण तो लगेच भंगारात घालतो काय? आधी वीज पाहतो, सूत पाहतो, मग तुटफूट पाहतो. येथेही तोच दस्तूर ठेवावा.

प्रथम कोंबडी खरोखर बंद आहे की नाही याची खात्री करा. मोकळी फिरणारी कोंबडी पुष्कळदा लाकडांच्या ढिगात किंवा शेजाऱ्याच्या पडवीत अंडी घालून येते. दोन-चार दिवस तिला सकाळी दहा-अकरापर्यंत खुराड्यातच ठेवा. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडे देतात. हाताने तपासण्याचीही रीत आहे. शेपटीखाली दोन टोकदार हाडे लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावत असतील आणि तुरा लाल, टवटवीत असेल तर कोंबडी चालू आहे. जेमतेम एक बोट मावते आणि तुरा फिका, आकसलेला आहे, तर ती बंद आहे.

आता उजेडाचा मामला. अंड्याचा हुकूम कोंबडीच्या मेंदूतून सुटतो आणि तो हुकूम उजेडावर अवलंबून असतो. भरपूर अंड्यांसाठी रोज चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस लहान होऊ लागले की कोंबड्या पिसे गाळतात. नवी पिसे घडवण्यास तिला तीच प्रथिने लागतात जी अंड्यात जातात, म्हणून दोन-तीन महिने अंडी बंद राहतात. खुराड्याभोवती पिसे पडलेली दिसली आणि कोंबडी खातेपिते आहे, तर हा आजार नव्हे, ही तिची विश्रांती आहे. या काळात तिचे खाणे तोडणे हा उलटा हिशेब होय. उजेड वाढवायचाच असेल तर पहाटे लहानसा दिवा लावावा. रात्री दिवा एकदम विझला तर कोंबड्या अंधारात जागेवर चढू शकत नाहीत.

खुडूक कोंबडीचे कारण वेगळे. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि रवणीला बसते. एकवीस दिवस अंडी उबवणे, पुढे पिले सांभाळणे, एवढा काळ अंडी मिळणार नाहीत. म्हणूनच तिची वर्षाची अंडी साठ-ऐंशीच्या घरात राहतात. पिले नको असतील तर रोजची अंडी रोज उचला आणि तिला तीन-चार दिवस हवेशीर, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवा. पाण्यात बुचकळण्याची रीत आम्हाला पसंत नाही. आणि हो, अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिलांसाठी.

खाण्याकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण बहुतेक घरांत खोट येथेच आहे. मातीच्या परसात कोंबडी किडे, वाळवी, हिरवा पाला वेचून आपली गरज बरीचशी भागवते. सिमेंटच्या गल्लीत तिला काय मिळणार? शिळी भाकरी आणि तांदळाच्या कण्या यांनी पोट भरते, अंडे घडत नाही. नुसत्या मक्यावर ठेवलेली कोंबडी चरबी धरते आणि बंद होते. बंदिस्त कोंबडीला रोज शंभर ग्रॅमच्या वर खाद्य लागते. भरडधान्यात शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, थोडी सुकट मिसळावी, नाही तर बाजारातील अंड्यावरच्या कोंबडीचे तयार खाद्य घ्यावे. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जाते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्याचा जवळजवळ पाऊण भाग पाणी असतो. मे महिन्यात मालेगाव-धुळ्याकडे पारा चाळिशीपार गेल्यावर कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि खाणे सोडते. तेव्हा पत्र्यावर ओली पोती आणि सावलीत मातीच्या भांड्यातील थंड पाणी हेच औषध.

आपल्या विणकर बांधवांना एक खास सूचना. मागाखालचे सूत आणि चिंध्या अंगणात पडू देऊ नका. कोंबडी दोरा गिळते, तो गळ्याखालच्या अन्नपिशवीत गुंडाळला जातो आणि वाट अडते. सकाळी, काही खाण्यापूर्वीच, ती पिशवी टणक व भरलेली लागली तर डॉक्टरांकडे न्या. पायाच्या बोटांत अडकलेला दोराही वेळीच काढावा, नाही तर बोट सडते.

मागाच्या खडखडाटाला कोंबड्या सरावतात. पण मांजराची धाड किंवा नवे खुराडे यांनी काही दिवस अंडी थांबू शकतात. खुराड्याच्या फटींत लपून रात्री रक्त पिणारे बारीक किडे आणि पोटातील जंत हेही कोंबडीला बंद पाडतात. मानमोडीची लस पिलांना पहिल्या आठवड्यात आणि पुढे आठ-दहा आठवड्यांनी द्यावी लागते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. एकाच वेळी अनेक कोंबड्या बंद पडल्या, सुस्तावल्या किंवा मरू लागल्या तर विकण्याची वा कापण्याची घाई मुळीच करू नका, दवाखान्याला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला तेव्हा असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या.

राहिला वयाचा प्रश्न. पहिली दोन वर्षे अंड्यांची, पुढे दर वर्षी उतार. चौथ्या वर्षाची कोंबडी वरील सर्व काही ठीक असूनही बंद असेल तर ती विकण्यास हरकत नाही. त्यासाठी पायात रंगीत धाग्याऐवजी प्लॅस्टिकचे कडे घालून वर्ष ओळखता येईल असे करावे, आणि घरातील एखाद्या मुलीकडे वही देऊन रोजची अंडी लिहून ठेवावीत.