तीन ठेकेदार, तीन भाव: खरा स्वस्त कोण?

आजचा धडा घर बांधणाऱ्यांसाठी आहे, आणि ठेकेदारी करणाऱ्या भावांसाठीही.

समजा, आर्वीला तुमचा प्लॉट आहे. 900 चौरस फूट घर बांधायचंय. एक ठेकेदार 1,500 रुपये फूट सांगतो, दुसरा 1,700. म्हणजे 13 लाख 50 हजार आणि 15 लाख 30 हजार. तुम्ही पहिल्याला काम देता. पाया खोदल्यावर तो म्हणतो, "भाऊ, काळी माती खोल निघाली, पायाचे पैसे वेगळे." मग सेप्टिक टँक वेगळा, लाईट फिटिंग वेगळं, रंग वेगळा. अडीच लाख वाढले की घर पडलं 16 लाखांना! दुसऱ्याच्या भावात हे सगळं धरलेलं होतं. त्याला आपण विचारलंच नाही.

म्हणून भाव मागायच्या आधी स्वतःचा एक कागद तयार करा आणि तिन्ही ठेकेदारांना तोच द्या. त्यात लिहा:

1. भाव फक्त मजुरीचा की मटेरियलसकट? फूट कसे मोजणार?

2. पाया किती खोल धरलाय? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतींना तडे जातात. आधी एक खड्डा खोदून मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. जास्त खोल गेल्यास दर काय, तेही आधीच ठरवा.

3. सिमेंट, सळई, विटा, रेती कोणत्या प्रतीची? रेती ब्रासवर मोजतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, गाडी आली की मोजून घ्या.

4. काय काय धरलेलं नाही? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा!

5. पैसे कधी? जोता, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांवर, काम झाल्यावर. थोडी रक्कम शेवटपर्यंत हातात ठेवा.

आपल्या सेवाग्रामचंच बघा. 1936 मध्ये आदि निवास बांधताना गांधीजींची अट होती: खर्च 500 रुपयांच्या वर नको, साहित्य आणि कारागीर इथलेच. मर्यादा आधी ठरली, बांधकाम नंतर.

आणि ठेकेदार भावांनो, "काय धरलेलं नाही" हे तुम्ही स्वतःच लिहून द्या. भाव जास्त दिसेल, पण भांडण टळेल आणि पुढचं काम त्याच घरातून येईल.

आजचा गृहपाठ: हा कागद आज रात्रीच लिहा. फोन उद्या करा.