उसाच्या गाडीची वाट



तोडलेला ऊस जितका रखडेल तितका उतारा घटतो आणि वजनही. काळ्या रानात एका पावसाने गाडी रुतली की वर्षाची मेहनत बांधावरच वाळते. तेव्हा रस्ता कोण आखतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

तुळजापूर-लातूर-अहमदपूर-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. तिथले अभियंते रस्त्यांची नोंद ठेवतात, कोणते गाव तुटलेले आहे, पूल कुठे हवा हे पाहून आराखडा करतात. नोंदीत क्रमांक नसलेल्या रस्त्याला निधी मिळणे अवघड. म्हणून ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा व पाठपुरावा सोडू नये.

शेतवाटेचे काम मात्र तहसीलदाराकडे. शेताला वाटच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज करावा. चौकशी करून बांधावरून वाट देता येते. असलेली वाट कुणी नांगरली वा अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत हवा. ‘भावकीचंच हाय, बघू पुढं’ म्हणत बसलो की मुदत निघून जाते.

तरी तोडीची चिठ्ठी हाती पडण्याआधीच, आपण आपापली वाट पाहून ठेवू या.