बॅकहँड लपवू नकोस

अगं, समोरचीनं बॅकहँडला लांब पुश टाकला की तू पळत वळसा घालून फोरहँड मारतेस. पहिले काही पॉइंट मिळतातही. मग तिच्या लक्षात येतं आणि ती तुझ्या मोकळ्या पडलेल्या उजवीकडे बॉल ठेवते. म्हणून सांगते, बॅकहँड टॉपस्पिन आता मनावर घेच.

आधी जोर विसर. टेबल टेनिसचा बॉल अवघा २.७ ग्रॅमचा. तो ढकलायचा नाही, घासायचा. टॉपस्पिन लागलेला बॉल हवेत खाली वळतो, म्हणून नेटवरून उंच गेला तरी टेबलावर उतरतो. हा भरवसा बसला की हात मोकळा सुटतो.

गुडघे वाकव. कोपर अंगाला चिकटवू नकोस, जरा पुढे ठेव. हात त्याच्याभोवतीच फिरतो. बॅट खाली नेताना मनगट पोटाकडे वळव. उसळलेला बॉल वर पोचला की अंगासमोरच गाठ. आधी कोपरापासून हात उघडू दे, मग मनगट. आणि मूठ आवळू नकोस गं, आवळलीस की मनगट अडकलंच.

पुशचा बॉल उलटा फिरत येतो. त्याला बॅट आणखी खालून आण, थोडी उघडी ठेव आणि वर घास. ब्लॉक होऊन आलेल्याला बॅट मिटव, पुढे घास. कान उघडे ठेव: जाड ‘ठक्’ ऐकू आलं, तर घासण्याऐवजी मारलास.

मनिका बत्रा तुझी लाडकी, ठाऊक आहे मला. पण तिच्या बॅकहँडला लांब पिंपल्सचं रबर असतं, त्याचा खेळच निराळा. तुझ्या गुळगुळीत रबरासाठी फान झेंडाँगला बघ, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकचा एकेरीतला सुवर्णविजेता. बॅकहँड मारून त्याची बॅट किती चटकन पुन्हा समोर येते, तेवढंच न्याहाळ.

सरांना सांग, मल्टिबॉलमध्ये आधी फक्त पुशचेच बॉल टाका. वेग नंतर येईल. आणि मॅचमध्ये ९-९ झाल्यावर हात आपसूक पुशकडे वळेल, तेव्हाही टॉपस्पिनच उचल. एखादी मॅच जाईल, जाऊ दे. तुला अजून कितीतरी वर्षं खेळायचंय, आणि अर्धं टेबल सोडून खेळणं तुझ्यासारख्या पोरीला शोभत नाही.