जुना प्रोसेसर, नवा वेग : टीव्ही रूमच्या पीसीचं ओव्हरक्लॉकिंग

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत टेक्निकल लेख लिहायला बसले की निम्मे शब्द इंग्रजीच आठवतात, तेव्हा सांभाळून घ्या. विषय मात्र जिव्हाळ्याचा आहे : आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममधला जुना पीसी.

त्यात इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोअर ई५२०० हा २००८ सालचा प्रोसेसर आहे, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि डीडीआर२ रॅम आहे. साधे पिक्चर नीट चालतात. पण १०८०पी फाईल लावली की ऐन मारामारीत चित्र अडकतं आणि आवाज पुढे पळतो. "भंगारात द्या" म्हणणाऱ्या बऱ्याच आहेत. पण त्याच हार्ड डिस्कवर आपल्या गॅदरिंगचं शूटिंग आहे आणि त्यातल्या काहींची दुसरी कॉपी कुठेच नाही. म्हणून रेक्टर मॅडमची परवानगी काढून आम्ही तिघी कामाला लागलो. वेग तर वाढवायचा, पण एकही फाईल खराब होऊ द्यायची नाही, ही अट. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला.

१. आधी रोग ओळखा

पिक्चर अडकतो तेव्हा प्रोसेसर किती टक्के वापरात आहे ते बघा. दोन्ही कोअर शंभरच्या आसपास असतील तर दोष वेगाचा. चाळीस-पन्नास टक्क्यांवरच अडकत असेल तर डिस्क, केबल किंवा ड्रायव्हर तपासा. तिथे ओव्हरक्लॉकिंग करून काही उपयोग नाही. आमचे दोन्ही कोअर भरलेले होते. कारण सोपं आहे : जी३१ मधलं ग्राफिक्स एच.२६४ व्हिडिओ स्वतः उलगडू शकत नाही, सगळं ओझं प्रोसेसरवर येतं.

२. वेगाचं गणित

प्रोसेसरचा वेग = फ्रंट साइड बस × मल्टिप्लायर. इथे २०० × १२.५ = २५०० मेगाहर्ट्झ. एका ठोक्यात चारदा डेटा जातो म्हणून या बसला ८०० म्हणतात. मल्टिप्लायर वर नेता येत नाही, तो लॉक असतो. मग उरते बस. ती २६६ केली की २६६ × १२.५ = ३३२५, म्हणजे ३३ टक्के वाढ. गंमत म्हणजे २६६ ची बस, म्हणजेच १०६६, जी३१ ला अधिकृतपणे चालते. बोर्डावर जुलूम होत नाही. फक्त बायॉसमध्ये पीसीआय ३३ वर आणि पीसीआय एक्स्प्रेस १०० वर लॉक करा.

३. खरा सापळा मेमरीचा

मेमरीचा वेग बसला एका रेशोने बांधलेला असतो. डीडीआर२-८०० चं खरं घड्याळ ४०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे २०० च्या बसला रेशो १:२. आता बस २६६ केली आणि रेशो तसाच ठेवला, तर मेमरी ५३३ वर जाते. प्रोसेसर वाढवता वाढवता न कळत रॅमही ओव्हरक्लॉक झाली! म्हणून रेशो २:३ करा. २६६ × ३ ÷ २ = ४००, मेमरी आपल्या जागेवर.

हे इतकं महत्त्वाचं का? प्रोसेसर चुकला तर बहुतेक वेळा पीसी हँग होतो, आपल्याला कळतं. मेमरीत एखादा बिट पलटला तर साधी रॅम काहीच बोलत नाही. फाईल कॉपी होताना रॅममधूनच जाते, आणि खराब झालेली कॉपी चुपचाप डिस्कवर बसते.

४. कोणती रॅम घ्यावी?

१०६६ ची बस ८ बाइट रुंद आहे, म्हणजे सेकंदाला साधारण ८.५ जीबी. डीडीआर२-८०० ची एक पट्टी ६.४ जीबी देते, दोन पट्ट्या ड्युअल चॅनेलमध्ये १२.८. तेव्हा सारख्या दोन पट्ट्या हव्यात, पण त्याहून महाग रॅम घेऊन फायदा नाही, कारण पुढे बसच अरुंद आहे. लेटन्सीचंही तेच. ८०० ची सीएल५ म्हणजे १२.५ नॅनोसेकंद, १०६६ ची सीएल७ म्हणजे साधारण १३.१. मोठा आकडा बघून भुलू नका.

जी३१ ला जास्तीत जास्त ४ जीबी चालते. दोन-दोन जीबीच्या, १.८ व्होल्टवर चालणाऱ्या पट्ट्या पुरेत. १०८०पी ची एक उलगडलेली फ्रेम सुमारे ३.१ एमबी, सेकंदाला २४ म्हटल्या तरी ७५ एमबी. ती बऱ्याचदा वाचावी-लिहावी लागली तरी मेमरीला जड नाही.

५. उष्णता आणि परीक्षा

वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज तेच ठेवलं तर १.३३ पट. तेच १.२ वरून १.३ केलं तर जवळजवळ १.५६ पट! उष्णता वाढली की पंखा ओरडतो, मग पिक्चरचे डायलॉग कोण ऐकणार? म्हणून व्होल्टेजला हात लावला नाही. हीटसिंकची धूळ काढली, थर्मल पेस्ट नवीन लावली आणि बस दहा-दहाने वाढवत नेली.

शेवटी रात्रभर मेमटेस्ट८६+ आणि मग काही तास प्राइम९५. मेमटेस्टमध्ये एक जरी एरर आली तरी नापास, इथे ग्रेस मार्क नाहीत. आमचा पीसी शून्य एररने पास झाला आणि १०८०पी आता न अडकता चालतं.

याला मर्यादाही आहे. ४के आणि १०-बिट एचईव्हीसी या प्रोसेसरच्या आवाक्यातलं नाही. त्यासाठी व्हिडिओ उलगडणारं ग्राफिक्स कार्डच लागेल. विंडोज १० चा सपोर्टही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून आम्ही लिनक्सवर कोडी टाकलं.

थोडक्यात क्रम लक्षात ठेवा : बॅकअप, निदान, रेशो, बस, परीक्षा. पहिली आणि शेवटची पायरी गाळायचा मोह फार होतो, पण गॅदरिंगचं शूटिंग वाचतं ते त्या दोन पायऱ्यांमुळेच. काही शंका असेल तर जेवणाच्या वेळी मेसमध्ये गाठा!