आधी चिठ्ठी वाच, मग योजना शोध

सातारा

चि. मनीषास,

तुझ्या मैत्रिणीने न्यू जर्सीहून पाठवलेला फॉर्म पाहिला. तो भरत बसू नकोस. तिकडच्या औषध कंपन्या गरजू रुग्णांना इन्सुलिन फुकट देतात हे खरं आहे, पण त्यासाठी माणूस तिथला रहिवासी लागतो आणि फॉर्मवर सही तिथल्याच डॉक्टरची लागते. असल्या योजना तिथे निघाल्या, कारण औषधाची किंमतच हाताबाहेर गेली. मेडिकेअरमधल्या म्हाताऱ्यांना महिन्याच्या इन्सुलिनसाठी ३५ डॉलरपेक्षा जास्त पडू नयेत म्हणून २०२३ पासून कायदा लावावा लागला. आपल्याकडे मधुमेहाची बरीचशी औषधं मुळात स्वस्त आहेत. महाग असतं ते पाकिटावरचं नाव.

म्हणून दाजींसाठी, म्हणजे तुझ्या वडिलांसाठी, योजना शोधण्याआधी त्यांची चिठ्ठी आणि रिकामी पाकिटं पुढ्यात घे. मोठ्या अक्षरातलं नाव सोड, बारीक अक्षरातलं वाच. तुझ्या आईने, आक्काने, फोनवर जी नावं सांगितली त्यावरून दाजींना मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची जोडगोळी, सिटाग्लिप्टिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि रात्रीचं इन्सुलिन आहे. यातलं मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं आणि सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. तेव्हा ब्रँडचं तेवढंच पाकीट दीडशे ते अडीचशेच्या घरात होतं. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. साठ रुपयांच्या आसपास पडणारी एक गोळी बऱ्याच कंपन्यांनी दहा-पंधरा रुपयांवर आणली. दाजींची चिठ्ठी मात्र २०२३ ची आहे आणि गावातला मेडिकलवाला तीच बघून तोच ब्रँड देतो. त्यात त्याचा दोष नाही. डॉक्टरने लिहिलेला ब्रँड दुकानदाराने परस्पर बदलायचा नसतो.

तेव्हा पहिलं काम डॉक्टरांकडे. भांडायला जाऊ नकोस. ‘तुम्ही महागडी औषधं का लिहिता?’ असं विचारलंस की माणूस आखडतो. ‘डॉक्टर, खर्च झेपत नाही, दाजी एक दिवसाआड गोळी खातात, हीच औषधं मूळ नावाने लिहून द्याल का?’ एवढंच म्हण. दिवसाआडचं जरूर सांग, लपवू नकोस. रिपोर्टमध्ये साखर वाढलेली दिसली की डॉक्टर डोस वाढवतात. गोळ्या खाल्ल्याच जात नाहीत हे त्यांना कसं कळणार?

जोडगोळीबाबत एक लक्षात ठेव. पाकिटावर ‘एम २’ असं दिसतं, त्यातला २ हा ग्लिमेपिराइडचा आकडा आहे, मेटफॉर्मिन बहुधा ५०० असतं. सरकारी दवाखान्यात या दोन गोळ्या वेगवेगळ्या मिळाल्या तर कुठली किती आणि जेवणाआधी की नंतर, हे तिथल्या औषधनिर्मात्याकडून पाकिटावरच लिहून घे. आणि ‘एस. आर.’ असं लिहिलेली गोळी मोडायची नाही. दाजी पैसे वाचवायला अर्धी करतात, हेही आक्काने सांगितलं. ती गोळी पोटात हळूहळू सुटावी म्हणून तशी बांधलेली असते.

आता फुकटाचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसुद्धा मोफत झाला. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, म्हणून मिरजेला किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात गेलात तर खिडकीवर थोडे पैसे मागतील. त्यावरून हुज्जत घालू नकोस. आपल्या भागात एक खोड आहे. मिरजेला वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून साधं पडसं झालं तरी लोक मिरज गाठतात. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तासगावहून मिरजेची एस. टी. कशाला? ती वारी डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासायला वर्षाकाठी करा. महिन्याचं औषध गावच्या केंद्रातून.

केंद्रात आशाताईंना गाठ. तिशीपुढच्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची नोंद त्यांच्याकडे व्हायची असते. दाजींचं नाव तिथे चढलं की महिनाभराच्या गोळ्या एकदम माग. साताऱ्यात रक्तदाबाचा असाच कार्यक्रम राज्यातल्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला तेव्हा मी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरीत होतो. तीस दिवसांच्या गोळ्या एका वेळी द्यायला लागल्यावर माणसं परत यायला लागली. पाच दिवसांच्या पुडीसाठी मजुरी बुडवून कोण येतं?

‘स्टॉक नाही’ हे उत्तर कधीतरी मिळेलच. मी खिडकीच्या आत बसून तेच उत्तर कितीदा दिलंय. सरकारी औषधांची खरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती, मग त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं, पण टंचाईचं दुखणं काही गेलं नाही. अशा वेळी निमूट परत फिरू नकोस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी होईल का, ते विचार. विचारणारा असला की काम होतं, असा माझा अनुभव आहे. तोवर त्या महिन्यापुरती जनऔषधी. त्यांचं ‘सुगम’ नावाचं ॲप आहे, त्यात जवळचं केंद्र आणि औषधाचा दर दोन्ही दिसतं. निघण्याआधी केंद्राला फोन कर, कारण तिथेही हवं ते दरवेळी असतंच असं नाही.

तू म्हणालीस, ‘महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे, त्यात बसवा.’ नाही बसत. ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच्या ठराविक उपचारांसाठी आहे. पायाची जखम चिघळून ऑपरेशनची वेळ आली तर पाच लाखांपर्यंतचं ते कवच कामाला येईल, म्हणून रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघून ठेव. महिन्याच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत, आणि त्यासाठी पैसे घेऊन ‘कार्ड चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस.

तुझ्या स्वतःच्या पगारपत्रकाकडे मात्र तुझं लक्ष नाही. कुपवाडच्या कारखान्यात पगार २१,००० च्या आत असेल तर ई. एस. आय.साठी पाऊण टक्का दरमहा कापला जात असणार. आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील आणि त्यांचं स्वतःचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर त्यांनाही ई. एस. आय.च्या दवाखान्यातून औषधं मिळतात. द्राक्षबागेमुळे दाजींचं अडेल कदाचित. पण कारखान्याच्या ऑफिसात विचारायला काय जातं?

इन्सुलिनबद्दल नीट वाच. सरकारी दवाखान्यातून बाटली मिळते ती बहुधा ४० युनिटची, आणि तिला लाल टोपीची सिरिंज लागते. पेनमधल्या काडतुसातलं इन्सुलिन १०० चं असतं. घरात दोन्ही पडून असतील आणि पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं औषध लाल टोपीच्या सिरिंजने ओढलं, तर २० च्या खुणेवर ५० युनिट अंगात जातील. रात्री झोपेतच साखर कोसळेल. उलट ४० ची बाटली नारिंगी टोपीच्या सिरिंजने घेतली तर २० च्या जागी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून सगळे चक्रावतात. म्हणून घरात एकच प्रकार ठेवा. उन्हाळ्यात लाइट गेली की बाटली कोरड्या डब्यात घालून तो डबा माठाच्या पाण्यात ठेवायचा, हे आक्काला माहीत आहे. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही.

तुझ्या गल्लीतल्या त्या मधुमेह असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. लहानपणीच्या मधुमेहात गोळ्यांचा उपयोग नाही, आणि इन्सुलिन एक दिवसही चुकवता येत नाही. अमेरिकेसारखी कंपनीची मदत आपल्याकडे कुठे असेल तर ती या मुलांसाठी. नोव्हो नॉर्डिस्कचा मुलांसाठीचा कार्यक्रम भारतात २०११ पासून आहे, त्यात ठराविक केंद्रांवर मोफत इन्सुलिन मिळतं. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरला ‘उडान’ या संस्था याच मुलांसाठी काम करतात. त्याच्या आईला सांग, मिरजेच्या बालरोग विभागात जाऊन आपल्याला जवळचं केंद्र कुठलं ते विचारायचं. हे दाजींच्या कामाआधी कर. दाजींच्या बाबतीत आठवडा इकडेतिकडे झाला तर निभावेल, त्या मुलाचं नाही निभावणार.

दाजींना माझा नमस्कार सांग आणि बेदाण्याचा डबा त्यांच्या खोलीतून हलव. शेडवर चव बघायला म्हणून मूठभर तोंडात टाकायची त्यांची सवय मला ठाऊक आहे.

तुझा,
मामा

ता. क. नवी चिठ्ठी मिळाली की औषध घेण्याआधी तिचा फोटो मला पाठव, जुन्या पाकिटांच्या मागच्या बाजूसकट. आणि नवी औषधं घरात आली की जुनी पाकिटं लगेच टाकून दे. नाहीतर दाजी जुनी आणि नवी, दोन्ही खातील. औषध एकच, नावं दोन.