बाळंतिणीच्या डोक्यात एकदम कळ आली तर

अगं, आधी एवढं सांग, कळ हळूहळू चढली की एकदम आली? जागरणानं, बाळाच्या रडण्यानं डोकं जड होतं ते वेगळं. पण चांगली बसलेली असताना एका मिनिटाच्या आत कळ टोकाला गेली, जन्मात असं कधी दुखलं नाही असं वाटलं, तर ते पित्त नाही, वारं लागलेलं नाही आणि दृष्टही नाही. आईला दृष्ट काढायचीच असेल तर काढू दे, पण गाडी येईपर्यंतच.

मेंदूच्या रक्तवाहिन्या अचानक आवळल्या जातात, असा एक आजार आहे. कुठं आखडलेल्या, कुठं फुगलेल्या. तपासणीच्या चित्रात त्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. डॉक्टरांनी त्याला आजचं नाव दिलं 2007 मध्ये. तो बायकांना जास्त होतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे त्यातले खास जोखमीचे. कळ थोडा वेळ राहते, ओसरते, मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा येते. मधल्या वेळात बरं वाटतं आणि घरचे म्हणतात, बघ, गेलं की! तिथंच घात होतो. बहुतेकींच्या रक्तवाहिन्या तीन महिन्यांत पूर्ववत होतात, हे खरं. पण काहींना मधल्या काळात झटके येतात, दिसेनासं होतं, अर्धांग जातं.

कळ कशानं उठते बघ: कुंथल्यानं, जोराच्या खोकल्यानं, रडण्यानं, अगदी कढत पाण्याच्या आंघोळीनंसुद्धा. आपल्याकडं बाळंतिणीच्या अंगावर किती कढत पाणी घालतात, तुला माहीत आहे. कोमट पुरे. पोट साफ राहू दे, कुंथू नकोस. आणि नाक चोंदलं म्हणून मेडिकलमधून सर्दीची गोळी परस्पर आणायची नाही. नाक मोकळं करणाऱ्या काही औषधांनीच रक्तवाहिन्या आवळतात.

अशी कळ आली तर 108 ला फोन लाव. लोहाऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी बीपी बघतील. बाळंतपणात बीपी चांगला होता म्हणून निर्धास्त राहू नकोस, तो नंतर सहा आठवड्यांपर्यंतही चढू शकतो. तिथून सोलापूरला किंवा लातूरला जा म्हणाले तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही, कारण मेंदूत रक्तस्राव झाला तरी कळ अशीच येते आणि सिटी स्कॅनशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही. डॉक्टरांना बाळंतपणाची तारीख सांग, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत ने. रक्तस्राव थांबवायला किंवा दूध आटवायला दिलेल्या काही औषधांनीही हे होऊ शकतं. शिवाय पहिल्या आठवड्यात स्कॅन स्वच्छ आला, तरी पुन्हा कळ आली तर पुन्हा जायचं. लाज कसली त्यात?

आणखी एक. बाळंतिणीला पाणी तोडतात ना, ते अजिबात नको. अंगातलं पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होतं आणि मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याची भीती वाढते. बाळंतिणींना होणारा हा दुसरा आजार, आपल्या देशातल्या डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा. त्यातही डोकं दुखतं, पण बहुधा दिवसेंदिवस वाढत जातं. तेव्हा तसलं दुखणंही अंगावर काढायचं नाही. तू तहान लागेल तेवढं पी. आईला फोन दे जरा, पाण्याचं मी बोलते तिच्याशी.