चिंध्यांची पिशवी

मानसशास्त्राच्या तासाला माँटेसरींच्या ज्ञानेंद्रिय-शिक्षणाविषयी ऐकले, तेव्हा ती महागडी साधने आपल्या घरी कुठून येणार, असे मला वाटले. परंतु १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनी परिसरातल्या वस्तूंतूनच साधने घडविली, हे वाचले आणि उमेद आली.

माझा भाचा तीन वर्षांचा. एका पिशवीत मी खादी, रेशीम, मखमल आणि गोणपाट यांचे दोन-दोन तुकडे घातले. डोळे मिटून, केवळ स्पर्शाने जोडी लावायची. मग सहा सारख्या डब्या घेतल्या. दोहोंत तांदूळ, दोहोंत वाळू, दोहोंत चिंचोके भरून झाकणे घट्ट बसविली. हलवून, आवाजावरून जोड्या ओळखायच्या. (चिंचोका मूल नाकातही घालते, मोठ्या माणसाने जवळ बसावेच.)

भाचा अडखळला की मी लगेच उत्तर सांगे. दृष्टी गेलेली आजी शेजारीच होती. ती म्हणाली, "अरे, त्याच्या बोटांना जरा वेळ दे की!" आणि तिने सारे तुकडे चाचपून अचूक जुळविले. भाचा पाहत राहिला. मग त्यानेही डोळे मिटले.

साधने घरात होतीच. थांबायचे कसे, एवढेच मला शिकायचे होते.